वाशीमची वाट आणि आमचें आडनांव

गेल्या फाल्गुनांत वाशीमच्या बालाजीचें दर्शन घेऊन पुढें कारंजास जावें असें आम्हीं ठरविलें होतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं अमेरिकेंतून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. पत्र म्हणावयाचें एवढेंच. आलें तें फोनच्या पडद्यावर, आणि आमचा चष्मा हाताशीं नसल्यामुळें सूनबाईंनीं तें सर्वांस मोठ्यानें वाचून दाखविलें. चष्मा हाताशीं असता तर बरें झालें असतें, असें मागाहून वाटलें.

पुतण्यास महिन्यापूर्वीं कन्यारत्न झालें. तिच्या जन्माच्या कागदावर आडनांव कसें लिहावें, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही काळे. रोमन लिपींत हें आडनांव के, ए, एल, ई अशा चार अक्षरांनीं लिहिण्याचा आमच्या घरचा परिपाठ वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. तिकडील लोक तें 'केल' असें वाचतात. कारण याच चार अक्षरांची एक भाजी त्यांच्याकडे आहे, कोबीच्या कुळांतली, कुरळ्या पानांची, आणि अलीकडे आरोग्यासाठीं फार खाल्ली जाणारी. कचेरींत केल, दवाखान्यांत केल. आणि थोरला मुलगा, जो आतां सहा वर्षांचा आहे, त्यास शाळेंतील सोबती भाजीवरून चिडवितात. 'धाकटीच्या कागदापासून नवें स्पेलिंग सुरू करावें, आणि मग आम्हीं सर्वांनींच बदलून घ्यावें, असें मनांत आहे. दादाकाकांचें मत कळवावें,' असा पत्राचा शेवट होता.

आमचे धाकटे बंधू जेवत होते. त्यांनीं ताट बाजूस सारलें. "शेती गेली, वाडा गेला, आडनांव तेवढें उरलें होतें, तेंही जाऊं द्या," असें म्हणून ते उठले. भावजय म्हणाल्या, "आडनांव कोठें जातें? अक्षरें जातात." त्या रात्रीं त्या दोघांचें बोलणें नव्हतें. आमचें घर अद्यापि एकत्र आहे; अशा प्रसंगीं वडील माणसानें निवाडा द्यावा अशी रीत आहे, आणि वडील माणूस दुर्दैवानें आम्ही. "यात्रेहून परत आल्यावर सांगूं," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली.

परंतु पत्रांतील एक हकीकत आमच्या मनांतून जाईना. पुतण्याच्या कचेरींत एक रशियन गृहस्थ आहेत. सोव्हिएट राष्ट्राचे अखेरचे अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांचे ते आडनांवबंधू, नात्याचे नव्हेत. सारें जग आमचें आडनांव चुकीचें उच्चारतें, असें ते म्हणतात. खरा उच्चार 'गर्बाचोफ' याच्या जवळपास, आणि आघात शेवटच्या अक्षरावर. घोटाळा कसा झाला तें ऐकण्यासारखें आहे. रशियन लिपींत 'ये' या अक्षरावर दोन टिंबें दिलीं म्हणजे त्याचा 'यो' होतो. परंतु छापतांना तीं टिंबें बहुधा गाळतात, कारण रशियन वाचकास तीं नसतांही कळतें. परक्यास कसें कळावें? त्यानें टिंबांवांचूनचें अक्षर उचललें आणि 'चेव्ह' केलें. शिवाय आघात शेवटीं असल्यामुळें आरंभींचा ओकार रशियन मुखांत अकारासारखा होतो, आणि अखेरचा 'व' मिटतां मिटतां 'फ' होतो. हें तर कोणत्याच स्पेलिंगांत मावत नाहीं. १९५५ सालीं आपल्या देशास भेट देऊन गेलेले ख्रुश्चेव्ह यांचीही हीच कथा. तेही वस्तुतः 'चोफ'च. त्यांच्या नांवांतील एका रशियन अक्षरासाठीं इंग्रजीस चार अक्षरें खर्चावीं लागतात, आणि इतका खर्च करूनही माल हातीं येत नाहीं.

आणखी एक अडचण. रशियन स्त्रियांच्या आडनांवाच्या शेवटीं आकार लागतो; बाप गर्बाचोफ तर लेक गर्बाचोवा. आम्ही लहानपणीं भव-भवानी, रुद्र-रुद्राणी घोकलेलीं माणसें; आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु हीं दोघें एकाच घरचीं आहेत हें तिकडील कारकुनास पटवितां पटवितां ते गृहस्थ थकले, आणि शेवटीं त्यांनीं आपलें व मुलींचें स्पेलिंग एकदांच नवें करून घेतलें. त्यांचें पाहून आमच्या पुतण्यास धीर आला.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, म्हणून आम्हीं या रशियन आडनांवांचे अर्थ शोधूं लागलों. 'गोर्बाच' म्हणजे पाठीस कुबड असलेला मनुष्य. आमच्या विदर्भांत कुबडे आडनांवाचीं घरें आहेत! गॉर्की हें त्या प्रसिद्ध ग्रंथकाराचें घेतलेलें नांव, मूळचें पेश्कोव्ह. गॉर्की म्हणजे कडू. आणि कडू हें आडनांव वऱ्हाडांत कोणास माहीत नाहीं? टॉलस्टॉय या नांवाच्या मुळाशीं 'जाडा' हा शब्द आहे. मेद्वेदेव्ह हें 'मेद्वेद' म्हणजे अस्वल यावरून आलें, आणि अस्वल म्हणजे मध खाणारा: आमचा 'मधु' आणि आमचाच 'अद्' धातु. वेदांत 'मध्वद' हा शब्द पक्ष्यांस लाविला आहे, तो तिकडे अस्वलास लागला. हजारों कोसांवरचीं हीं माणसें एकमेकांस कुबडे, कडू आणि जाडे म्हणून हाक मारीत होतीं, अगदीं आपल्यासारखींच. अर्थ सीमा ओलांडून येतो, कांहीं कष्ट पडत नाहींत. अडतो तो उच्चार.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकोल्यास गाडींत बसलों. पूर्वीं हा मार्ग मीटरगेज होता. आम्ही तरुणपणीं वाशीमच्या एका शाळेंत संस्कृतचे शिक्षक असतांना त्या गाडीनें जात-येत असूं, आणि गाडी इतकी सावकाश चाले कीं एका प्रवासांत शब्दरूपावली एकदां उजळून होई. आतां रूळ रुंद झाले आहेत आणि ऐंशी किलोमीटरांच्या आंतबाहेरचें अंतर गप्पांत संपतें. पळसाला बहर होता. स्टेशनावर उतरतांच पाटी दिसली. इंग्रजी ओळ पाहून आमच्या मनांत आलें कीं पुतण्याचा एखादा अमेरिकन स्नेही येथें उतरला तर तो 'वॉशिम' वाचील आणि येथें कपडे धुण्याचा मोठा धंदा असावा असें समजेल.

या गांवाच्या नांवानें किती वेष पालटले आहेत तें पाहिलें म्हणजे आमच्या चार अक्षरांचा वाद क्षुद्र वाटूं लागतो. मूळ नांव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपानें देव येथें येऊन राहिले म्हणून वत्सगुल्म, असें स्थानिक माहात्म्य सांगतें. कामसूत्राचा टीकाकार यशोधर म्हणतो, वत्स आणि गुल्म असे दोन सख्खे राजपुत्र होते, त्यांनीं वसविलेला हा देश. कोणती व्युत्पत्ति खरी हें सांगण्यास आज साक्षीदार नाहीं. परंतु वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, याविषयीं वाद नाहीं. १९३९ सालीं वाशीमांत दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. तो त्यानें आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. त्यांतील वंशावळ संस्कृतांत आणि पुढील व्यवहाराचा मजकूर प्राकृतांत. म्हणजे पूर्वजांचीं नांवें शुद्ध, आणि जमीन कोणास दिली, कोणत्या करांतून मोकळी केली, हें लोकांच्या बोलींत! त्या राजास आमच्यापेक्षां अधिक व्यवहारज्ञान असावें. याच शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवि होता. आणि अजिंठ्याचें सोळाव्या क्रमांकाचें लेणें याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नामक मंत्र्यानें कोरविलें.

राजशेखराच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुमारास, प्राकृतांत या नगराचें 'वच्छोम' झालें होतें. पुढें 'वच्छ'चा 'वास', 'वाश' झाला. मोगलाईंत फारशी लेखणीनें वकाराचा बकार केला. आईने अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत हें बाशिम म्हणून नोंदलें आहे. इंग्रजांनीं तोच बकार उचलून नकाशावर 'बासिम' लिहिलें. बासिम या नांवाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ सालीं मोडला. मग पुष्कळ वर्षें हा अकोल्याचा तालुका. आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां जिल्हा झाला तो वाशीम या नांवानें. दीड हजार वर्षांत इतके उच्चार झाले. परंतु पद्मतीर्थाचें तळें कोठें हलविलें नाहीं कीं गांवानें आपली जागा सोडली नाहीं.

राजशेखराची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. काव्यमीमांसेंत त्यानें एक कथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्यास वश करण्यासाठीं गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करून त्याच्या मागें धाडते. तीं दोघें पूर्वेस जातात, पांचालांत जातात, अवंतींत जातात. प्रत्येक देशीं ती नवा वेष, नवें नृत्य, नवी बोली धारण करते. आणि अखेरीस तो प्रसन्न होऊन तिच्याशीं विवाह करतो, तो विदर्भांत, वत्सगुल्म नगरांत. भरतखंडांत एवढीं राजधान्यांचीं नगरें असतां वाणीच्या मुलाचें लग्न लागलें तें आमच्या या वाशीमांत! गांवांत दहा जणांस विचारलें. कोणासही ठाऊक नव्हतें. चहाच्या दुकानदारानें मात्र मोठ्या आस्थेनें विचारलें, "कोणत्या कार्यालयात झालं?"

बालाजीच्या देवळांत गर्दी नव्हती. हें देऊळ साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनीं १७७९ च्या सुमारास बांधविलें. खांब पाहून घ्यावे, प्रदक्षिणेची ओवरी पाहावी, आणि देवतळ्याच्या काठीं घटकाभर बसावें. इंग्रजी गॅझेटियरांत या कर्त्या पुरुषाचें आडनांव 'कालू' वाचावें लागतें. ळकार त्या लिपींत नाहीं, त्याला इलाज नाहीं. लोकमान्यांस उत्तर हिंदुस्थानांत 'तिलक' म्हणतात, त्यांत एका शब्दांत दोन वर्ण गेले, आणि तेथें तर लिपि आपलीच आहे! ळ हा वर्णच असा पोरका. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत 'ईळे' या पदांत तो विराजमान आहे, परंतु माहेश्वर सूत्रांत त्याला जागा नाहीं, आणि पुढच्या संस्कृतांत त्याचा 'ड' होऊन गेला.

उच्चार ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, असें आम्हीं चौतीस वर्षें मुलांस शिकविलें. त्वष्ट्यानें इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, 'इंद्रशत्रु' या शब्दांत स्वर चुकला, आणि इंद्रच त्या पुत्राला मारणारा ठरला, ही कथा आम्हीं प्रत्येक वर्गास प्रत्येक वर्षीं सांगितली. वर्ण चुकला कीं छडी उगारावी, असा आमचा लौकिक होता.

हा लौकिक आठवत देवळाच्या पायऱ्या उतरत होतों, तोंच मागून हाक आली, "काये सर!"

पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ वाकून नमस्कार करीत होता. "ओयखलं का?" त्यानें विचारलें. आम्हांस ओळख पटेना. तो हंसून म्हणाला, "आठवी अ. म्या डोया म्हनलं म्हून तुमी मले तासभर बाकावर उभं ठेवलं व्हतं."

जे वाचक वऱ्हाडांतले नाहींत त्यांच्यासाठीं सांगतों. येथील बोलींत ळकाराचा यकार होतो: डोळा तो डोया, केळी त्या केयी, काळा तो काया. आम्ही स्वतः वऱ्हाडांतच जन्मलों. आमच्या दारीं येणारा गवळी, शेतावरचा सालदार, एस.टी.चा वाहक, सर्वांनीं आम्हांस जन्मभर 'काये'च म्हटलें, आणि आम्हीं जन्मभर 'ओ' दिली. त्यांत आपलें आडनांव बुडालें असें एकदांही मनांत आलें नाहीं. तें फक्त वर्गांत बुडत होतें. कारण वर्गांत तेरा वर्षांचें पोर समोर उभें असे.

त्या गृहस्थानें आम्हांस आपल्या दुकानांत नेलें. बियाणें व शेतीच्या औषधांचें दुकान आहे, चांगलें चालतें. राग त्याच्या बोलण्यांत मुळींच नव्हता. "आता माही नात मले म्हन्ते, आबा, डोया नाई, डोळा," असें सांगून तो पुन्हां हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण बाकावर उभें राहण्याचा तो प्रसंग १९८६ सालचा, हें त्यानेंच सांगितलें. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत रशियाचे नेते दिल्लीस आले होते, तेव्हां सामान्यज्ञानासाठीं त्यांचें नांव आम्हीं त्याच वर्गांत फळ्यावर लिहून सर्वांकडून तीन वेळां म्हणवून घेतलें होतें: 'गोर्बाचेव्ह'. त्याचा डोया चूक आणि आमचा चेव्ह बरोबर. छडी आमच्या हातांत होती, एवढेंच.

आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो गडबडून गेला. "असं नका बोलू सर," म्हणाला, आणि आमच्यासाठीं दुसरा चहा मागविला.

वाशीमहून मंगरूळपीरवरून कारंजास एस.टी.नें गेलों. याचें पूर्ण नांव कारंजा लाड. लाड हा शब्द लाट देशावरून आला असें मानतात. इंग्रजी वाचणाराच्या दृष्टीनें मात्र लाड म्हणजे पोरगा. एकदां नाद लागला म्हणजे असें सर्वत्र दिसूं लागतें: साने म्हणजे डोकें ठिकाणावर असलेले, दाते म्हणजे खजूर, माने म्हणजे घोड्याची आयाळ, आणि गोरे म्हणजे सांडलेलें रक्त! त्या मानानें आमच्या वांट्यास भाजी आली हें नशीबच म्हणावयाचें.

कारंजें हें श्रीनृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान. त्यांचें पूर्वाश्रमींचें घराणें काळे, असें परंपरा सांगते, आणि काळ्यांचा वाडा म्हणून तें घर दाखवितात. आमचा त्या घराण्याशीं संबंध असल्याचा कांहीं पुरावा नाहीं. काळे हें आडनांव महाराष्ट्रांत नाना जातींत पसरलेलें आहे. बंधूंस मात्र संबंध असावा असें फार वाटतें, आणि आम्हीं त्यांना कधीं खोडून काढीत नाहीं. गुरुमंदिरांत बसलों असतां त्या बालकाची कथा मनांत घोळत राहिली. जन्मतःच त्यानें ॐकार उच्चारला, आणि मग मुंजीपर्यंत ॐखेरीज दुसरा शब्द काढला नाहीं. आईबाप कष्टी झाले, लोकांनीं मुका ठरविला. मुंज होतांच चारी वेद मुखांतून निघाले. लहानपणीं ही कथा आम्ही चमत्कार म्हणून ऐकिली. या खेपेस मात्र त्या आईकडेच लक्ष गेलें. सात वर्षें तिनें त्या एका अक्षरालाच 'ओ' दिली असेल.

घरीं परतल्यावर रात्रीं जेवणें आटोपून सर्वांस बसविलें आणि फोनवर पुतण्यास बोलाविलें. तिकडे सकाळ होती. आम्हीं सांगितलें तें असें. स्पेलिंग बदलावें. परंतु एकट्या धाकटीचें नव्हे; थोरल्याचें, तुमचें आणि सूनबाईंचें एकाच वेळीं बदलावें, म्हणजे भावंडें दोन आडनांवांचीं दिसणार नाहींत. त्यानें तीन स्पेलिंगें काढून ठेविलीं होतीं. आम्ही म्हणालों, तिकडील शेजाऱ्यांकडून एकेक वाचवून घे, आणि ज्यांत 'काले' ऐकूं येईल तें घाल.

बंधू म्हणाले, "म्हणजे ळ गेलाच."

"ळ जुन्यांतही नव्हता," आम्ही म्हणालों. "आपण मनांत घालून वाचीत होतों."

"मग बदलून मिळालें काय?"

"नातवाला कोणी भाजी म्हणणार नाहीं."

बंधू कांहीं बोलले नाहींत. ळकाराविषयीं आमची एक अट होती: दोन्ही मुलांस तो आपल्या तोंडून शिकवावा, आणि शिकवितांना त्यांस बाकावर उभें करूं नये. पुतण्यास या अटीचा अर्थ कळला नाहीं. तो "हो दादाकाका" म्हणाला.

चार दिवसांनीं नातीसाठीं बाळलेणीं, बालाजीचा अंगारा आणि एका जाड कागदावर टांकानें काढलेला हातभर ळ असें पार्सल बांधलें. टपाल कचेरींत पत्ता रोमन लिपींत लिहावा लागतो. घेणाराचें नांव सूनबाईंनीं नव्या स्पेलिंगानें लिहिलें. पाठविणाराचें नांव लिहिण्यासाठीं बंधूंनीं तिच्या हातून लेखणी घेतली, चष्मा लाविला, आणि सावकाश लिहिलें: के, ए, एल, ई.